केंद्र करायचं असेल तर पुतळ्याचा खर्च शेवटी काढा

कोल्हापुरात संगीताच्या वारशाचं एक केंद्र व्हावं, ही मागणी अधूनमधून उठते. कुणाची तरी पुण्यतिथी येते, भाषणात विषय निघतो, टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते आणि मग पुढच्या पुण्यतिथीपर्यंत सगळं थंड. मी या मागणीच्या बाजूचाच आहे. पण दरवेळी बोलणं सुरू होतं ते जागेवरून. किती गुंठे, किती खुर्च्यांचं सभागृह, दारात कुणाचा पुतळा. आत काय ठेवणार विचारलं की, "ते बघूया की नंतर." माझं म्हणणं एवढंच, की ते आधी बघूया.

अल्लादिया खाँसाहेबांचंच घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ च्या सुमारास त्यांना दरबारात आणलं. महाराज १९२२ साली गेले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. मधली पंचवीसेक वर्षं जयपूर-अत्रौली या ख्यालगायनाच्या घराण्याचा कर्ता पुरुष आपल्या गावात राहत होता. खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते. आपल्या देशात गाण्याच्या तबकड्या १९०२ पासून निघायला लागल्या होत्या. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं यंत्र हाताशी होतं, तरी खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. ते ध्वनिमुद्रणाला उभेच राहिले नाहीत. त्यांची कारणं त्यांच्यापाशी, आणि साडेतीन मिनिटांत राग उरकायचा म्हटल्यावर त्या गवयाला काय वाटलं असेल, हे समजू शकतं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचा भैरवीतला आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला. गुरूचा आवाज मात्र कोल्हापुरातही ऐकायला मिळत नाही.

तरी ती गायकी टिकली. कशी टिकली? धाकटे चिरंजीव भुर्जी खाँ १९५० मध्ये जाईपर्यंत तालीम देत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. नातू अझीझुद्दीन खाँ यांनी आजोबांच्या तोंडून त्यांची जीवनकथा लिहून घेतली. सावनी, खोकर, संपूर्ण मालकंस, बसंती केदार हे राग आज ऐकायला मिळतात ते या गळ्यांमुळे आणि वह्यांमुळे.

म्हणून केंद्रात सगळ्यात आधी काय यावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. तालमीच्या कॅसेटा. मैफलीच्या नव्हे, तालमीच्या. मैफल कुठे ना कुठे मिळते. कुणीतरी टेप केलेली असते, आकाशवाणीकडे असते, आता यूट्यूबवर असते. पण गुरू शिष्याला थांबवून "हां, इथे नको, परत घे" म्हणतो, एकच जागा दहादा घोटून घेतो, एखाद्या रागात अमुक स्वर का टाळायचा ते चिडून सांगतो, ते ध्वनिमुद्रण सोन्याच्या मोलाचं. कारण घराणं म्हणजे नेमकं काय, ते त्या 'नको'मध्ये असतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात गाणं शिकणाऱ्या कितीतरी जणांनी गुरूपुढे टेपरेकॉर्डर ठेवला होता. त्या कॅसेटा आज कपाटात, माळ्यावर, नाहीतर सुनेनं घर आवरताना बाहेर काढलेल्या खोक्यात आहेत.

आणि आपल्या गावात माळा ही सुद्धा भरवशाची जागा नाही. २०१९ ला पंचगंगेची ४३ फुटांची धोका पातळी मागे पडली आणि पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन वर्षांनी पुन्हा तेच. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांच्या स्पूल टेपांची ट्रंक तळमजल्यावर होती. पाणी उतरल्यावर गाळ काढताना ती सगळी भंगारात गेली. त्यात काय होतं ते घरातही कुणाला सांगता येत नाही, कारण डब्यांवर कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं. पुढे ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं, तेही संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर ते. ती आग बघायला आलेली माणसं रस्त्यावर रडत होती. पूर आणि आग दोन्ही बघितलेल्या गावानं तरी एकाच इमारतीत सगळा ठेवा कोंडू नये. मूळ वस्तू पूररेषेच्या वर, एक प्रत शहरात दुसरीकडे आणि एक प्रत जिल्ह्याबाहेर. ही काटेकोरपणाची हौस नाही. आपल्याला हे गरजेचं आहे.

आता खर्चाचं बोलू, कारण "फंड कुठाय?" हा प्रश्न येणारच. एक तास ध्वनिमुद्रण चांगल्या दर्जाच्या वेव फाइलमध्ये (९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ) साठवलं तर साधारण दोन जीबी होतं. हजार तास म्हणजे दोन टीबी. एवढी हार्ड डिस्क आता लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडेही असते. महाग आहे तो माणूस आणि वेळ. एका तासाची कॅसेट उतरवायला एक तास लागतोच, त्यात घाई चालत नाही. मग ऐकून राग ओळखायचा, बंदिश लिहायची, तबल्यावर कोण ते शोधायचं, वर्ष ताडून बघायचं. बुरशी धरलेली टेप तशीच चालवली तर टेप आणि मशीनचं हेड, दोन्ही जातात. हे जाणणारी दोन माणसं पगारावर ठेवा, एक कोरडी खोली द्या, हवेतला दमटपणा ओढणारा डीह्युमिडिफायर लावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो हवाच. केंद्र सुरू झालं. सभागृह मागून येऊ दे. सभागृह म्हणाल तर सव्वाशे वर्षांहून जुना गायन समाज देवल क्लब आपल्याकडे आहेच, विद्यापीठात संगीत विभाग आहे. खोली तिथेही मिळू शकते.

दुसरा मुद्दा थोडा बोचणारा आहे. 'वारसा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ख्याल आणि नाट्यसंगीत येतं. गोविंदराव टेंबे, केशवराव, मग सुधीर फडक्यांचा जन्म इथला, प्रभात फिल्म कंपनी इथली, जयप्रभा स्टुडिओ इथला. सगळं खरं आणि अभिमानाचंच. पण खासबाग कुस्ती मैदानात पैलवानांची जोड आखाड्यात उतरली की हलगी-घुमकं-कैताळ जे बोलतं, त्याची नोंद कुठाय? सलामीला काय वाजतं, खडाखडी चालू असताना काय, डाव बसला की हात कसा बदलतो? हे वाजवणाऱ्याला पक्कं माहीत आहे, कागदावर कुठेच नाही. पूर्वी हलगी जाळावर शेकून चढवायची, आता फायबरची हलगी नटबोल्ट आवळून चढवतात. आवाज बदलला. चांगला की वाईट हा वाद नंतर घालू, पण कातड्याच्या हलगीचा आवाज नीट टिपून तरी ठेवूया.

तसंच कलगी-तुऱ्याची भेदिक शाहिरी. एका फडानं सवाल टाकायचा आणि दुसऱ्यानं रात्र संपायच्या आत तो सोडवायचा. शाहिरांच्या बाडांमध्ये हे कवन लिहिलेलं असतं, पण चाल बाडात नसते. यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं, गोंधळ्यांचं संबळ, पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेतले ढोल आणि रात्रभर चालणाऱ्या ओव्या. धनगरी ओव्या टेपवर घेऊन त्यांचा अभ्यास करायला गुंथर सोंथायमर जर्मनीहून आले होते. त्यांना धनगरांच्या वाड्यावर बसायला कमीपणा वाटला नाही. आमच्या केंद्राच्या समितीत मात्र एक तरी हलगीवाला असेल का, याची मला शंका आहे.

नोंद कशी ठेवायची याचा धडा मराठीतच आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, आणि ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गावही नोंदवलं. आपल्याकडे 'पारंपरिक' एवढंच लिहून मोकळे होतात. चाल पारंपरिक असेल हो, पण गाणाऱ्या माणसाला नाव असतं.

त्यातूनच हक्काचा प्रश्न येतो. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट ६० वर्षं आणि कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं असतो. लोक कॅसेटा देत नाहीत त्याचं कारण बहुतेकदा हेच की यापूर्वी कुणीतरी नेल्या आणि परत केल्या नाहीत, किंवा न विचारता कुठेतरी टाकल्या. तेव्हा साधा एका पानाचा कागद असावा, मराठीत. मूळ कॅसेट घरच्यांची, पंधरा दिवसांत परत. केंद्राकडे प्रत. ऐकायला कुणालाही, पण केंद्रात येऊन. इंटरनेटवर टाकायचं तर घरच्यांची सही वेगळी. आणि भेदिक गाणाऱ्याला बोलावून ध्वनिमुद्रण करायचं असेल तर शाल-श्रीफळाबरोबर पाकीटही द्यायचं. गवयाला देतो ना, मग त्यालाही.

केंद्र होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या घरी जुन्या टेपा आहेत त्यांना हात जोडून विनंती. "लागते का बघू" म्हणून जुन्या मशीनवर घालू नका, एकदा तुटली की संपलं. तळमजल्यावर असतील तर वर न्या. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारून प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी टाका: कोण गातंय, कुठे, साधारण कधी, साथीला कोण. पेन्सिलनं लिहा, शाई दमटपणानं पसरते. आणि बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका.