लष्कराच्या भाकऱ्या, त्याही वाफेवर

शनिवारी सकाळी अंथरुणात लोळायला तुम्हाला आवडत असेल, बँकेत चार पैसे शिल्लक असतील आणि घरातली माणसं अजून तुमच्याशी बोलत असतील, तर या तिन्ही तक्रारींवर एकच जालीम उपाय आहे. जुनं वाफेचं इंजिन दुरुस्त करणाऱ्या एखाद्या मंडळात स्वयंसेवक म्हणून नाव घाला. मंडळ शक्यतो ब्रिटनमधलं बघा, कारण हे वेड त्यांनी जितक्या शिस्तीत जोपासलंय तितकं आपल्याला जमणार नाही. नोकरीनिमित्त तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर ही संधी सोडूच नये. गणेशोत्सवाच्या वर्गणीवरून भांडायचा तुमचा सराव आहेच. इथेही तीच वर्गणी, तीच समिती आणि तेच 'मागच्या वर्षीचा हिशोब कुठाय?' फरक एवढाच की मूर्तीचं वजन शंभर टनांच्या आसपास असतं आणि विसर्जन कधीच होत नाही.

आधी इंजिन निवडा. धडधाकट इंजिन घ्यायचा मोह टाळा, त्यात काय पुरुषार्थ? ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट 1968 मध्ये वाफेला निरोप दिला. त्याच्या कितीतरी आधीपासून इंजिनं भंगारात जायला लागली होती. वेल्समधल्या बॅरी गावी वुडहॅम ब्रदर्सचं भंगाराचं आवार होतं आणि तिथे 297 इंजिनं येऊन पडली. मालक डाय वुडहॅम व्यवहारी माणूस. मालगाडीचे डबे कापायला सोपे, म्हणून त्याने आधी डबे कापायला घेतले आणि इंजिनं 'नंतर बघू' म्हणून ठेवून दिली. आपल्याकडे सरकारी फायली याच तत्त्वावर टिकून आहेत. समुद्राचा खारा वारा खात इंजिनं वर्षानुवर्षं उभी राहिली, आणि लोक येऊन त्यांच्या अंगावर खडूने 'आम्हाला वाचवा' अशा विनवण्या लिहून जाऊ लागले. शेवटी त्यातली 213 इंजिनं लोकांनी वर्गण्या काढून सोडवून नेली. भंगारवाल्याच्या आळसाने इतका इतिहास वाचवल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

बॅरीला लवकर पोहोचलेल्यांना बऱ्यापैकी इंजिन मिळालं. उशिरा आलेल्यांच्या वाट्याला नुसता सांगाडा आला, कारण तांब्या-पितळेचं जे काही होतं ते आधीच दुसऱ्यांच्या पिशव्यांतून गेलं होतं. तेव्हा मुद्दाम उशिरा जा. जितके भाग कमी, तितकी पुढची वर्षं जास्त.

पण खरा दर्दी असाल तर ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, नंबर 71000, याचा आदर्श ठेवा. 1952 साली हॅरोच्या भीषण अपघातात निकामी झालेल्या एका इंजिनाची जागा भरायला हे 1954 मध्ये क्रू इथल्या कारखान्यात बांधलं गेलं. तीन सिलिंडर, वाफ आत-बाहेर सोडायला कॅप्रोटी झडपा, सगळं अद्ययावत. कागदावर तर राजबिंडं. पण पुढच्याच वर्षी रेल्वेने डिझेल आणि विजेचा रस्ता धरला, त्यामुळे याला भाऊबंद मिळालेच नाहीत, एकुलतं एकच राहिलं. तेही लाडकं नव्हे. कोळसा खायचं भरपूर आणि वाफ द्यायची वेळ आली की रुसायचं. भट्टीत कोळसा टाकणारे फायरमन लोक वैतागले. आठच वर्षांत, 1962 मध्ये, त्याला घरी बसवलं. मग कुणीतरी म्हणालं, इंजिन कशाला ठेवता, त्यातला सिलिंडरच तेवढा बघण्यासारखा आहे. झालं, सिलिंडर काढून, उभा कापून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडला आणि उरलेला देह बॅरीला गेला.

आता तुम्हीच सांगा. जिवंतपणी कुणाला न आवडलेलं, सिलिंडर गमावलेलं, सुटे भाग जगात कुठेच न मिळणारं इंजिन कुठला शहाणा विकत घेईल? 1974 मध्ये एका मंडळाने ते घेतलं. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, ही म्हण त्यांना ठाऊक नव्हती. आणि ही म्हैस तर जिवंत असतानाही आटलेलीच होती.

पुढे बरोबर एक तप, म्हणजे 1986 पर्यंत, ही मंडळी तिला घडवत बसली. सिलिंडर नव्याने ओतावे लागले, कॅप्रोटीची यंत्रणा नव्याने करावी लागली. त्या भानगडीत जुनी ड्रॉइंग्ज बाहेर काढून प्रत्येक भाग त्यांच्याशी ताडून बघणं आलं. तेव्हा कळलं की राखेच्या पेटीला हवा आत घेणाऱ्या ज्या झडपा असतात, त्या कारखान्याने ड्रॉइंगपेक्षा लहान बसवल्या होत्या. शेगडीला खालून वारा लागला नाही तर वर कितीही कोळसा रचा, निखारा फुलत नाही, हे आपल्या आजीला शाळेत न जाता ठाऊक होतं. रेल्वेच्या इंजिनिअरांना आठ वर्षांत एकदाही खाली वाकून बघावंसं वाटलं नाही. पगार घेणाऱ्यांना जे दिसलं नाही ते घरचं खाऊन आलेल्यांना दिसलं. झडपा मापाप्रमाणे बसवल्या आणि बदनाम ड्यूक चढावरून असा काही धावायला लागला की जुने फायरमन तोंडात बोट घालून बघत राहिले असतील. यातून एवढं शिका, की दुरुस्त करताना इंजिन मुळात होतं तसंच ठेवायचा हट्ट धरणारा सभासद समितीत आलाच, तर त्याला चहा करायला पाठवा.

चहा हा इथला मुख्य उद्योग आहे, हेही सांगून ठेवतो. पहिल्याच दिवशी तुम्हाला शिट्टी वाजवायला मिळेल अशा भ्रमात राहू नका. आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर अशी चढण असते आणि तीत वर्षं जातात. क्लीनरच्याही आधी एक पायरी आहे, तिचं नाव गंज. हातात वायर ब्रश देतात आणि एक चाक दाखवतात. शेजारच्या चाकावर एखादे निवृत्त डॉक्टर असतात आणि पलीकडे हिशोब तपासनीस. तिघांच्याही नाकातून संध्याकाळपर्यंत तेच लाल पाणी येतं. समता म्हणतात ती हीच.

बॉयलरचं प्रकरण मात्र घरी सविस्तर सांगू नका. नळ्या बदलायच्या, भट्टीच्या तांब्याच्या पत्र्यांना धरून ठेवणारे शेकडो खिळे तपासायचे, आधी पाण्याच्या दाबाची परीक्षा, मग वाफेच्या. ती द्यायला निरीक्षक येतो आणि दाराशी आलेल्या जावयासारखी त्याची बडदास्त ठेवावी लागते. तो प्रसन्न झाला तर सर्टिफिकेट देतो. ते चालतं जास्तीत जास्त दहा वर्षं. दहा वर्षं झाली की बॉयलर उचलून बाजूला काढायचा आणि वायर ब्रश घेऊन पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात. एक तप दुरुस्ती आणि दहा वर्षं धाव. हे गणित बायकोला स्वतःहून कळेल, तुम्ही मांडू नका.

एवढं करून इंजिन तयार झालं, तर कोळसा कुठून आणणार? वेल्समधली फॉस-इ-फ्रॅन ही खाण 2023 च्या अखेरीस बंद झाली. ज्या देशाने कोळशावर अर्धं जग पालथं घातलं, तिथल्या हौशी लोकांवर आता परदेशी कोळसा मागवायची पाळी आली आहे. निखारे म्हणजे आयात माल, शिट्टी तेवढी स्वदेशी.

हे सगळं झेपणार नसेल तर आपली पद्धत उत्तम. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, ती ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांपैकी एकही आपण मागे ठेवलं नाही. उगाच पसारा नको. त्या तिघांच्या नावाने दर 16 एप्रिलला भाषण करता येतं, त्याला ना नळ्या बदलाव्या लागतात ना निरीक्षक. माथेरानच्या छोट्या गाडीचं एक इंजिन आपण नेरळला रंगवून उभं केलंय, सेल्फीसाठी सोयीचं. त्याचाच एक भाऊ, 740 नंबरचा, इंग्लंडात जाऊन पडला. बरं झालं, इथे असता तर त्यालाही दर दिवाळीला ऑइलपेंटचा हात मारावा लागला असता.

इंजिन शिल्लकच नाही, ही सबब मात्र तिकडे चालत नाही. तिथे 'ए-वन' (A1) नावाच्या जातीची 49 इंजिनं होती, एकूण एक भंगारात गेली. काही लोकांनी ठरवलं, मग पन्नासावं आपण बांधू. आठवड्याला बिअरच्या एका ग्लासाचे पैसे द्या, अशी हाक दिली. 1994 ते 2008, चौदा वर्षं आणि सुमारे तीस लाख पौंड लागले. बॉयलर जर्मनीतून आणला आणि 'टॉर्नेडो' धावायला लागलं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आपण पाहिला होता. इथे तर कोंबडीही नव्हती, नुसती आठवण होती.

तेव्हा येत्या शनिवारी टाकून द्यायचे कपडे घाला, डबा न्या आणि सकाळी आठला शेडच्या दाराशी उभे राहा. कुणीतरी तुमच्या हातात गंजलेला, विचित्र आकाराचा एक तुकडा देईल आणि साफ करायला सांगेल. 'हा कुठे बसतो?' असं विचारू नका. बॅरीहून आणलेल्या पेटीत तो निघाला होता, एवढंच तिथे सगळ्यांना माहीत असतं.