दार बसवणारा माणूस परत येणारा हवा

बसवलं त्या दिवशी प्रत्येक दार छानच लागतं. नवं पॉलिश, घट्ट स्क्रू, कुलपाचा खटका नेमका जागेवर. परीक्षा पुढे असते. हवा दमट झाली की लाकूड फुगतं, कोरडी झाली की आकसतं. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही, रुंदीत पडतो. म्हणून दार अडकायला लागतं ते कुलपाच्या बाजूला. कोरड्या हवेत जेमतेम कागद सरकेल एवढीच फट ठेवून बसवलेलं दार दमट दिवसांत खांदा लावून उघडावं लागतं. अशा वेळी येऊन बघणारं माणूस लागतं. त्यामुळे माझं मत पक्कं आहे : दाराचं काम अशाच माणसाला द्यावं, जो वर्षभरात पुन्हा आपल्याकडे येऊ शकेल आणि येईल. असा माणूस बहुतेक वेळा जवळपासचाच असतो.

मोठ्या दुकानातून दार घेतलं की 'फिटिंग फ्री' असं सांगतात आणि आपल्याला बरं वाटतं. येणारा फिटर कच्चा असतो असं मी म्हणत नाही, हुशार पोरं असतात. पण त्याच्या मागे दिवसभराची यादी असते. तो घाईघाईत दार लटकवतो, सही घेतो आणि पुढच्या पत्त्यावर जातो. तक्रार केली की भलताच कुणीतरी येतो, आणि चौकटीमागे आधीच्याने पॅकिंग कुठे दिलंय, स्क्रू किती खोल गेलेत, हे त्याला ठाऊक नसतं. जवळच्या सुताराचं तसं नाही. आसपासच्या घरांत कुठल्या भिंतीला ओल येते, पाऊस कुठल्या अंगाने झोडपतो, बांधकामाच्या वेळच्या चौकटी कशा आहेत, हे त्याने हात लावून पाहिलेलं असतं. शिवाय शेजारच्या चार घरांत त्याचं नाव टिकायचं असतं. ते कागदावरच्या वॉरंटीपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं.

अर्थात जवळचा म्हणजे चांगला, असं समीकरण नाही. ओळखायचं कसं? मी तरी एकच गोष्ट बघतो : तो आधी काय हातात घेतो.

दार खाली फरशीला घासतंय, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. उतावळा माणूस पिशवीतून रंधा काढतो आणि खालची कड तासायला लागतो. जाणता कारागीर हत्याराला हातच लावत नाही. दार अर्धं उघडतो, कडेला दोन्ही हातांनी धरून हलकेच वर उचलतो आणि नजर ठेवतो वरच्या बिजागरीवर. बिजागरीचं पान चौकटीपासून सुटतंय का, स्क्रू भोकात हलतोय का, ते बघतो. मग दार लावून चौकटीभोवतीची फट वरून खाली न्याहाळतो. दाराचं वजन वरच्या बिजागरीला चौकटीतून बाहेर ओढत असतं आणि खालच्या बिजागरीला आत दाबत असतं. वरचे स्क्रू सैल झाले की कुलपाकडचा खालचा कोपरा जमिनीवर टेकतो, आणि त्याच बाजूचा वरचा कोपरा चौकटीवर घासतो. दुखणं वर आणि रंधा खाली, म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. तासलेलं लाकूड परत येत नाही, आणि बिजागरी तशीच सैल राहिल्याने दार पुन्हा खाली उतरतं ते उतरतंच.

खरा इलाज किती साधा आहे बघा. सैल झालेल्या भोकात गोंद लावून लाकडी खुंटी ठोकायची, सुकू द्यायची, बारीक भोक पाडायचं आणि आधीपेक्षा लांब स्क्रू पिळायचा. स्क्रू पितळी असेल तर जाणते आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घेतात, कारण पितळ मऊ असतं, डोकं तुटून आतच अडकतं. हे ज्याला विचारावं लागत नाही, त्याचा नंबर जपून ठेवा.

आणखी एक. दार लावताना शेवटी जरा उसळून परत येत असेल, तर बऱ्याचदा बिजागरी गरजेपेक्षा खोल बसलेली असते किंवा स्क्रूचं डोकं वर आलेलं असतं. खोल बसलेल्या बिजागरीमागे पुठ्ठ्याची पातळ पट्टी सरकवली, किंवा वर आलेला स्क्रू नीट आत बसवला, की काम होतं. अशा वेळी 'दारच बदला' म्हणणाऱ्याला नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा.

नवं दार बसवायचं असेल तर चौकट मोजताना उभं राहून बघा. रुंदी वर, मध्ये आणि खाली, अशी 3 ठिकाणी घेतली जाते. उंची दोन्ही बाजूंना. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच चौकट काटकोनात आहे. ओळंबा लावलाच पाहिजे, कारण चौकट कललेली असेल तर दार आपोआप उघडत किंवा मिटत राहतं. वर आणि बाजूंना साधारण 3 मिमी फट हवी. फरशी अजून बसायची असेल तर तिची जाडी धरूनच खालचं माप द्यायचं. एकच माप घेऊन 'झालं' म्हणणाऱ्याला मी दार देणार नाही.

पोकळ दाराच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. कडेची भरीव पट्टी अरुंद असते, ती जास्त कापली की दाराचा जीवच जातो. कुलूप बसवायला आत लाकडी ठोकळा ठरावीक जागीच असतो, तो चुकवून कोरलं तर कुलूप हवेत लटकतं. कडक केलेल्या काचेचं दार मापाने आधीच बनवून घ्यावं लागतं, नंतर कापायला किंवा भोक पाडायला गेलं की सगळी काच भुगा होते. आणि आगरोधक दार असेल तर त्याला परस्पर रंधा लावू देऊ नका. त्याने आग अडवायची क्षमताच धोक्यात येते. ते काम त्याच प्रकारच्या दारांची माहिती असलेल्याचं.

जुन्या दाराचा रंग घासून काढायचा असेल तर घरात लहान मूल आहे का, हे सांगणं आपलं काम. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची कोरडी धूळ मुलांना फार घातक असते. चांगला कारागीर पाणी मारून घासतो, खोली बंद करतो, धूळ ओल्या फडक्याने पुसतो.

आता पैशांबद्दल, कारण इथे आपण ग्राहक म्हणून फार कोतेपणा करतो. पाच मिनिटांत दार नीट झालं की 'एवढ्याशा कामाचे एवढे?' हे वाक्य हमखास ऐकू येतं. अहो, रोग कुठे आहे ते त्याने पाच मिनिटांत ओळखलं म्हणून तुमचं दार तासायचं वाचलं. बघण्याचे, समजण्याचे पैसे आहेत ते. त्यात येण्याजाण्याचा वेळ आहे, त्यासाठी सोडलेलं मोठं काम आहे. छोट्या कामाचे पैसे कापत राहिलो तर छोट्या कामाला कुणी येणारच नाही, आणि मग सैल स्क्रूसाठी अख्खं दार बदलायची पाळी येईल. परवडत नसेल तर घरातली बारीकसारीक कामं साठवून एकदम सांगा : न बसणारी कडी, करकरणारी बिजागरी, ढिला स्टॉपर. त्याचाही फेरा सार्थकी लागतो.

आणि तो निघण्याआधी एक काम करून घ्या. तासलेली प्रत्येक कड, आणि दाराची वरची नि खालचीसुद्धा, त्याच दिवशी रंगाने किंवा पॉलिशने बंद करायला सांगा. या दोन कडा दिसत नाहीत म्हणून कोऱ्याच सोडतात, आणि ओल तिथूनच शिरते. बाथरूमची दारं खालून कुजतात ती बरीचशी यामुळेच. दार एकदा बसलं की खालची कड रंगवायला ते पुन्हा उतरवावं लागतं, म्हणून बिजागरीला लावण्याआधीच ब्रश फिरवून घ्या.