फोबॉसचा बटाटा आणि सिम्युलेटरमधला गोळा

ऑर्बिटर हा संगणकावर अवकाशयान उडवण्याचा सिम्युलेटर. तो उडवणाऱ्या मंडळींत एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘मंगळाचा चंद्र फोबॉस ऑर्बिटरमध्ये अगदी हुबेहूब, बटाट्यासारखा दाखवलाय. गुरुत्व जवळजवळ शून्य. आधी त्याच्याभोवती वीस किलोमीटरवर गोल कक्षा धरा, मग हलकेच खाली या. आपटलात तरी काही होत नाही. नुसती उडी मारलीत तर मात्र अवकाशात निघून जाल. इथे जमलं की खऱ्या मोहिमेतही हेच.’

एवढ्याशा मजकुरात इतक्या चुका बसवणे हेही कसबच म्हणायचे.

आधी ‘हुबेहूब’ पाहू. फोबॉसची लांबी, रुंदी आणि उंची अंदाजे २७, २२ आणि १८ किमी आहे. म्हणजे केंद्रापासून जमीन कुठे १३ किमीवर लागते, तर ध्रुवांकडे ९ किमीवरच. ऑर्बिटरच्या कॉन्फिग फाइलमध्ये (प्रत्येक गोलाची माहिती जिथे लिहिलेली असते तिथे) मात्र आकारासाठी एकच आकडा असतो: सरासरी त्रिज्या, सुमारे ११.१ किमी. डोळ्यांना दिसतो तो बटाटा म्हणजे वरून चढवलेला मेश, म्हणजे नुसते दिसण्यापुरते त्रिमितीय कवच. उंची मोजणे आणि चाके टेकली का हे ठरवणे, हा हिशेब त्या एका आकड्याच्या गोळ्यावर चालतो. २०१६ च्या आवृत्तीपासून भूपृष्ठाच्या उंचसखलपणाची सोय आली, पण त्यासाठी त्या गोलाचा उंचीचा डेटा बसवलेला असावा लागतो. तो नसेल तर खाली पुन्हा गोळाच.

पडताळणी पाच मिनिटांची आहे. सिनॅरिओ एडिटर उघडून जहाज फोबॉसच्या ९० अंश अक्षांशावर ‘उतरलेले’ म्हणून ठेवा आणि बाहेरून पाहा. खाली गोळा असेल तर जहाज दिसणाऱ्या जमिनीच्या सुमारे २ किमी वर अधांतरी लटकलेले दिसेल. मग तेच जहाज शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर न्या. हे मंगळाकडे रोखलेले टोक. तिथे ते जवळपास तेवढेच खडकात गाडलेले असेल. ९ किमी रुंदीच्या स्टिकनी विवराचीही हीच गत. १८७७ च्या ऑगस्टमध्ये फोबॉस शोधणाऱ्या असाफ हॉल यांच्या पत्नी अँजेलिन स्टिकनी यांचे नाव त्याला दिले आहे, आणि मंगळयानाने १ जुलै २०२० रोजी सुमारे ४,२०० किमीवरून टिपलेल्या छायाचित्रातही ते ओळखू येते. खऱ्या फोबॉसवर तो प्रचंड खड्डा आहे. गोळ्याच्या हिशेबात त्याला खोलीच नाही.

काही जण यावर उपाय म्हणून त्रिज्येचा आकडा वाढवून १३.५ किमी करतात. जहाज गाडले जायचे थांबते खरे, पण ध्रुवावर ते आता साडेचार किमी वर तरंगते. शिवाय वस्तुमान तेवढेच राहून पृष्ठभाग दूर गेल्यामुळे तिथले गुरुत्व ०.००५७ वरून ०.००३९ मी/से² वर घसरते. एक चूक झाकायला दोन नव्या. त्यापेक्षा त्रिज्या आहे तशी ठेवून, जिथे जमीन केंद्रापासून ११ किमीच्या आसपास आहे अशाच जागी उतरण्याचा सराव करावा.

आता सगळ्यात मोठी चूक: ‘वीस किलोमीटरवर गोल कक्षा’.

फोबॉस मंगळाच्या केंद्रापासून अवघ्या ९,३७६ किमीवर फिरतो. इतक्या जवळ फोबॉसची स्वतःची सत्ता कुठवर चालते याचा हिशेब, म्हणजे हिल त्रिज्या, काढली तर ती केंद्रापासून साधारण १६.६ किमी येते. लांबट टोकाची जमीनच १३ किमीवर आहे. उरते साडेतीन किमीची फट. पृष्ठभागापासून वीस किमी म्हणजे केंद्रापासून ३१ किमी. तिथली कक्षा कागदावर मांडलीच तर वेग ४.८ मी/से आणि एका फेरीला साडेअकरा तास. दरम्यान फोबॉस स्वतः मंगळाभोवती ७ तास ३९ मिनिटांत फेरी पुरी करतो! तुमची एक प्रदक्षिणा व्हायच्या आत मंगळ सगळी भूमिती बदलून टाकतो, आणि जहाज काही तासांतच वाहवत जाते.

गंमत म्हणजे ऑर्बिटर हे लपवत नाही, पाहणारेच पाहत नाहीत. ऑर्बिट एमएफडीत (एमएफडी म्हणजे कॉकपिटमधला माहितीचा पडदा; हा कक्षेची माहिती दाखवतो) संदर्भ म्हणून फोबॉस निवडा आणि खालचा ‘जी’ हा आकडा वाचा. एकूण गुरुत्वात संदर्भपिंडाचा वाटा किती, ते तो सांगतो. ०.८ च्या खाली गेला की तो पिवळा होतो आणि दुसराच पिंड वरचढ असेल तर लाल. फोबॉसच्या जमिनीवर उभे असतानाही तो ०.०१ च्या आसपास आणि लालच असतो, कारण तिथे मंगळाची ओढ ०.४९ मी/से², म्हणजे फोबॉसच्या सुमारे ८५ पट. अर्थात या ओढीने तुम्ही उचलले जात नाही, कारण तुम्ही आणि फोबॉस दोघेही मंगळाभोवती एकत्रच पडत असता. त्रास देतो तो फक्त ओढीतला फरक, म्हणजे भरतीबल. पण एमएफडीवर दिसणारी ती सुबक हिरवी लंबवर्तुळाकार रेघ दोनच पिंडांचे गणित धरून काढलेली असते. आकडा लाल असेल तर त्या रेघेवर विसंबू नये.

केर्बल स्पेस प्रोग्रॅम या दुसऱ्या अवकाश-खेळाचे खेळाडू इथे म्हणतील, ‘आम्ही गिलीभोवती मजेत फिरतो की.’ (गिली हा त्या खेळातला चिमुकला चंद्र.) फिराल. गिलीला १२६ किमीचे प्रभावक्षेत्र दिलेले आहे आणि त्या क्षेत्रात बाकी कुणाचीच ओढ मोजली जात नाही. प्रभावक्षेत्राचे तेच नेहमीचे सूत्र खऱ्या फोबॉसला लावले तर उत्तर येते सुमारे ७.२ किमी, म्हणजे क्षेत्राची हद्दच जमिनीखाली! त्या पद्धतीत फोबॉसभोवती कक्षा दाखवायची तर आकडा हाताने फुगवावा लागतो. प्रिन्सिपिया हे मॉड (त्या खेळाला जोडायची पुरवणी) बसवले की सगळ्यांची ओढ एकदम मोजली जाते आणि ही सोय संपते.

मग जवळ राहायचे कसे? फोबॉसभोवती नाही, फोबॉसबरोबर मंगळाभोवती फिरायचे. कक्षेचा काळ फोबॉसएवढाच, विकेंद्रितता, म्हणजे कक्षेचा लांबटपणा, किंचित वेगळी. फोबॉसवरून पाहिले तर जहाज त्याच्याभोवती उलट दिशेने लांबट फेऱ्या मारताना दिसते, उभ्यापेक्षा आडवी दुप्पट. हीच अर्ध-उपग्रह कक्षा. जपानच्या जाक्सा या अवकाश संस्थेने मंगळाच्या चंद्रांसाठीच्या एमएमएक्स मोहिमेचा आराखडा याच कक्षांवर बेतला आहे. सिम्युलेटरमध्ये असे करा:

१. संदर्भ मंगळ ठेवा, लक्ष्य फोबॉस. अलाइन प्लेन एमएफडीने कक्षेचे प्रतल जुळवा.
२. सिंक ऑर्बिट एमएफडीने गाठ साधा आणि १०० किमीच्या आत सापेक्ष वेग शून्यावर आणा.
३. फोबॉसपासून मंगळाच्या बाजूला ५० किमी आत जा. तिथे पुन्हा सापेक्ष वेग शून्यावर आणून, प्रवासाच्या दिशेने ११.४ मी/से जादा वेग द्या.

आता जहाज ५० किमी आत-बाहेर आणि १०० किमी पुढे-मागे अशा फेऱ्या मारू लागते. फोबॉसची स्वतःची कक्षाही किंचित लंबवर्तुळाकार असल्याने (विकेंद्रितता ०.०१५) आकडा काटेकोर बसणार नाही. फेरीमागे थोडी दुरुस्ती धरूनच चाला. चुकून उलट दिशेने, म्हणजे मागे, वेग दिला तर जहाज फेरी न मारता दर प्रदक्षिणेला पुढे पुढे निघून जाते. ही चूक नेहमीची, आणि सोळा तासांनी लक्षात येणारी.

‘गुरुत्व जवळजवळ शून्य, आपटलात तरी काही होत नाही.’ एक किलोमीटरवरून जहाज नुसते सोडून द्या. दहा मिनिटांनी ते ३.४ मी/से वेगाने आदळते. १० टनांच्या जहाजाचे वजन तिथे ५७ न्यूटन भरते, पृथ्वीवरच्या पावणेसहा किलोइतके. पण थांबवायचे असते ते वजन नव्हे, वस्तुमान, आणि ते दहा टनच राहते. उलट खरी भीती उसळीची. ०.३ मी/से वेगाने जहाज परत उसळले तर ते आठ मीटर वर जाऊन पावणेदोन मिनिटांनी खाली येते, बहुधा तिरके. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फिले यान धूमकेतू ६७पी वर साधारण १ मी/से वेगाने टेकले. यानाला जमिनीत रोवणारे हार्पून सुटले नाहीत, वरून दाबणारा थ्रस्टर चालला नाही, आणि यान उसळून जवळपास दोन तास हवेत राहिले. हवेत म्हणजे, हवा नव्हतीच तिथे.

उडीचे मात्र अर्धे खरे आहे. फोबॉसचा सरासरी मुक्तिवेग, म्हणजे कायमचे निसटायला लागणारा वेग, ११.३ मी/से. पृथ्वीवर ४० सेमी उडी मारणारा माणूस जमीन सोडतो २.८ मी/से वेगाने. त्या वेगाने फोबॉसवर तो सातशे मीटर वर जाईल आणि सतराएक मिनिटांनी परत येईल. पण मंगळाकडचे टोक अपवाद आहे. तिथे भरतीबलाने गुरुत्व जवळपास निम्मे खाल्लेले असते आणि सगळे वस्तुमान केंद्रात मानून हिशेब केला तर निसटायला ३ मी/से च्याही आतला वेग पुरतो. खरा लांबट आकार धरला की तो थोडा वाढतो, आणि जड स्पेससूटमधल्या माणसाला २.८ गाठणेही अवघडच. तेव्हा उडी कुठून मारता यावर उत्तर अवलंबून आहे.

उतरताना हॉवर इंजिनांना (जहाज वर उचलून धरणाऱ्या) हात लावू नका. त्यांचा सर्वात हलका रेटाही इथे जहाज उधळून लावतो. आरसीएस, म्हणजे जहाज वळवणारी-सरकवणारी छोटी इंजिने, सरळ-सरक मोडवर (न वळवता नुसते सरकवणाऱ्या) ठेवा आणि कंट्रोल की दाबून दहा टक्के जोरानेच टिचक्या द्या. शेवटच्या ५०० मीटरांत काळाचा वेग १× वर आणा. १०००× वर साठ फ्रेमच्या हिशेबाने एकेक पाऊल १६-१७ सेकंदांचे पडते, ३ मी/से ने उतरणारे जहाज एका पावलात ५० मीटर जाते आणि टेकण्याचा क्षण सरळ ओलांडते. खाली येण्याचा वेग ०.२ मी/से च्या आत राखा. चाके लागली की खाली दाबणारा आरसीएस रेटा दहा-पंधरा सेकंद धरून ठेवा, आणि सरफेस एमएफडीवरचा उभा वेग शून्यावर स्थिरावल्याशिवाय सोडू नका.