भेसळ? एका वाचकाला उत्तर

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. डोकं तापलं होतं म्हणून लगेच लिहिलं नाही. पॉइंटर या शिकारी कुत्र्यावरच्या लेखात मी म्हटलं होतं की जवळच्या नात्यात वीण करत राहिलं की कामाचा कुत्रा बिघडतो, मधूनमधून बाहेरचं रक्त आणावं. त्यावर तुमचं वाक्य: "मुलुंडच्या फ्लॅटमध्ये बसून शंभर वर्षांच्या रक्तात भेसळ करायला शिकवू नका."

आधी तुमचं बरोबर आहे ते. ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्याचा पॉइंटरशी संकर १९७३ साली झाला, मी १९८३ लिहिलं. दुरुस्त केलंय.

आता फ्लॅट. मतभेद असू द्या हो, पण माणसाचा पत्ता काढून त्याला गप्प करायचं, ही कुठली रीत? मी शिवडीच्या चाळीत वाढलो. गॅलरीत आमची राणी असायची, पॉइंटर. १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी वडील तिला मुरबाडकडच्या माळावर लाव्यांसाठी न्यायचे. गवतात वास लागला की ती जागीच थिजायची. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट ताठ, हलायची ती फक्त नाकपुडी. मी सात-आठ वर्षांचा, श्वास धरून तिच्या मागे.

रक्त बाहेर जाऊ नये म्हणून वडिलांनी तिला तिच्याच लेकाला दाखवलं. सहा पिल्लं झाली. त्यातली दोन पहिल्याच आठवड्यात गेली. तिसरं दूधच ओढेना, आई त्याला कापसाच्या बोळ्याने पाजायची, तेही गेलं. चपलांच्या खोक्यातून ती मीच खाडीकडे नेली. उरलेल्यांतलं एकही माळावर उभं राहिलं नाही. माय-लेकाच्या विणीत कुठल्याही जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता २५ टक्के असते, हे मला फार उशिरा कळलं. भेसळ दुधात करतात, महाशय. त्या डाल्मेशियनांच्या लघवीतल्या युरिक अॅसिडचा दोष तुमच्या या 'भेसळी'नेच गेला.

एकोणिसाव्या शतकातल्या लॅव्हरॅक या इंग्रज पैदासकाराने पन्नास वर्षं दोनच कुत्र्यांपासून सेटर जातीचे शिकारी कुत्रे वाढवले, म्हणता. तसं तो सांगायचा. जाणकारांना ते पटलेलं नाही, आणि ल्युएलिन या दुसऱ्या पैदासकाराने त्याच्याच कुत्र्यांत बाहेरचं रक्त आणून शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांत मैदानं मारली.

रंग, ठेवण, शोमधल्या ट्रॉफ्या यांवर मला बोलायचं नाही. माझा लेख त्यावर नव्हताच. पुढच्या वेळी मात्र स्वतःचं नाव घालून लिहा. माझा पत्ता तर तुम्हाला माहीतच आहे.