‘डोकं दुखलं, पैसे वाया गेले’: स्वस्त व्हीआर बॉक्सबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची तक्रार थोडक्यात अशी: स्वस्त व्हीआर बॉक्सवरचा आमचा लेख वाचून नवी पेठेतून ४०० रुपयांचा व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी) बॉक्स, म्हणजे फोन आत बसवून डोळ्यांवर लावायचा भिंगांचा डबा घेतला. चित्र दोन-दोन दिसलं, मान वळवली तरी दृश्य जागचं हललं नाही, दहा मिनिटांत डोकं दुखायला लागलं. म्हणजे स्वस्तातला बॉक्स टाकाऊच, आणि ‘पाचशेच्या आत काम होतं’ असं लिहिणं ही दिशाभूल.

लेखातली एक चूक मान्य आहे. फोनमध्ये जायरोस्कोप (फोन फिरल्याचं ओळखणारा सेन्सर) आहे का ते आधी बघा, ही सूचना अगदी शेवटी होती. ती आता सुरुवातीला घेतली आहे. पण तुमचा निष्कर्ष पटत नाही. या बॉक्समध्ये भिंगं, पट्टे आणि प्लास्टिक एवढंच असतं, बाकी सगळं काम फोनचं. फोनमध्ये जायरोस्कोप नसेल तर दोन हजारांचा घेतला असता तरी दृश्य हललं नसतंच.

अॅक्सेलरोमीटर या फोनमधल्या दुसऱ्या सेन्सरला फोनचा झुकाव कळतो, पण मान डावी-उजवीकडे फिरली हे कळत नाही. त्यासाठी जायरोस्कोपच लागतो. काही फोनच्या माहितीत ‘व्हर्च्युअल जायरोस्कोप’ लिहिलेलं असतं, म्हणजे इतर सेन्सरवरून काढलेला अंदाज. त्यात दृश्य उशिरा आणि अडखळत सरकतं, आणि त्या उशिरानेच मळमळतं. सेन्सरची यादी दाखवणारं एखादं मोफत अॅप टाकून बघा. खरा जायरोस्कोप नसेल तर त्या फोनवर ३६० अंशांच्या, म्हणजे मान वळवून चहूबाजूंनी बघायच्या व्हिडिओचा नाद सोडा. शेजारी-शेजारी दोन चित्रं असलेले थ्रीडी व्हिडिओ मात्र चालतील.

आता दोन-दोन दिसण्याचं. हे बॉक्स मुळात साडेपाच इंचांच्या आसपासच्या फोनसाठी बेतलेले. त्या स्क्रीनची लांबी साधारण १२२ मिलिमीटर, म्हणजे दोन अर्ध्या चित्रांच्या मध्यांतलं अंतर ६१. माणसाच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३. जमलं. आजच्या ६.७ इंची फोनवर तेच अंतर ७७ च्या पुढे जातं. दोन चित्रं एक करायला डोळ्यांना एकमेकांपासून बाहेर फिरावं लागतं, आणि ते त्यांना जमत नाही. उपाय सोपा आहे: प्लेअरमध्ये चित्राचा आकार कमी करा आणि पट्टीने मोजून मध्यांतलं अंतर ६२ ते ६४ वर आणा. व्हीआर अॅप असेल तर गिअरच्या खुणेवर टॅप करून बॉक्सवरचा क्यूआर कोड स्कॅन करा. त्यात भिंगांमधलं अंतर आणि वक्रता भरलेली असते, अॅप चित्र आपोआप जुळवतं. दुसऱ्याच बॉक्सचा कोड वापरलात तर सरळ भिंती वाकड्या दिसतील.

डोकेदुखीचं मोठं कारण फोन तिरका बसणं. दोन चित्रांतला आडवा फरक डोळे थोडाफार सांभाळून घेतात, उभा जवळजवळ नाहीच. एका डोळ्याचं चित्र एक-दोन मिलिमीटर जरी वर गेलं तरी ताण येतो. म्हणून फोनचं कव्हर काढा, स्क्रीनवरची मधली रेघ बॉक्सच्या मधल्या दुभाजकावर आणा, आणि स्प्रिंगचा चिमटा पॉवरच्या बटणावर दाबला जात असेल तर शेजारी फोमचा तुकडा चिकटवा. चष्म्याचा नंबर साधा असेल तर फोकसच्या चाकाने भागतं. सिलिंडर (अॅस्टिग्मॅटिझमचा नंबर) असेल तर चष्मा लावूनच बघा.

आपल्या एप्रिल-मेमध्ये फोन लवकर तापतो, वेग कमी करतो आणि चित्र अडखळतं. फ्लाइट मोड लावा, ब्राइटनेस कमी ठेवा, पंधरा मिनिटांनी थांबा. बॉक्स उन्हात ठेवू नका: भिंगातून एकवटलेलं ऊन स्क्रीनवर कायमचा डाग पाडतं. आणि भिंग टेरी टॉवेलने, म्हणजे फासे असलेल्या जाड टॉवेलने पुसू नका. टॉवेल कितीही उत्तम असला तरी त्याच्या फासांत अडकलेली धूळ प्लास्टिकवर ओरखडे काढते. मायक्रोफायबरच वापरा.

हे करून एकेक डोळा आलटून-पालटून मिटून बघा. फोन सरळ असूनही एका बाजूचं चित्र वर-खाली दिसलं, तर भिंगच वाकडं बसलेलं आहे. तो बॉक्स दुकानदाराला परत करा, आणि बदली घेताना फोन सोबत न्या.