नर पिल्लांचे काय केले? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

परसातल्या कोंबड्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल प्रथम आभार. आपले आक्षेप मला समजले ते असे. हा उद्योग हिशेबाने आतबट्ट्याचा, म्हणून केवळ हौशी लोकांचा आहे; पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) इतके रुग्ण आढळल्यानंतर त्याच भागात बसून कोंबड्या पाळण्याची भलामण करणे बेजबाबदारपणाचे आहे; आणि मी कोंबड्यांची नावे कौतुकाने सांगितली, परंतु नर पिल्लांचे काय केले याविषयी चकार शब्द काढला नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त बोचला, त्यामुळे त्याचे उत्तर शेवटी आणि विस्ताराने देते.

हिशेबाचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करते. माझ्याकडे गिरिराज या सुधारित जातीच्या 5 आणि 1 गावरान अशा 6 कोंबड्या आहेत. एक कोंबडी दिवसाला साधारण 115 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सहाजणींना महिन्याला जवळजवळ 21 किलो लागते, आणि मला किलोमागे 38 रुपये पडतात. वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला 75 अंडी मिळतात. म्हणजे खुराडे, औषधे आणि माझी मेहनत न धरताही एक अंडे साडेदहा रुपयांना पडते, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ते त्याहून स्वस्त मिळते. याचे कारण साधे आहे : कोंबडी खाल्लेल्यातले बरेचसे स्वतःचे शरीर चालवण्यासाठी खर्च करते, आणि पोल्ट्रीतली संकरित कोंबडी जवळपास तेवढ्याच खाद्यात वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते. भाजीची देठे, उरलेला भात आणि परसातले किडे यांमुळे खर्च काहीसा कमी होतो, पण ताळेबंद उलटत नाही. घरच्या अंड्याचा बलक अधिक केशरी असतो हे मी लिहिले होते ते खरे आहे. मात्र तो रंग हिरवा पाला आणि मका यांतल्या रंगद्रव्यांमुळे येतो, आणि पोल्ट्रीतही खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळून तो आणता येतो. त्यावरून अंडे अधिक पौष्टिक ठरवणे ही माझी चूक होती.

आता आजाराविषयी. आमचे किरकटवाडी 2021 मध्ये समाविष्ट झालेल्या 23 गावांपैकी एक म्हणून पुणे महापालिकेत आले आणि 2025 च्या जानेवारीत ज्या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले त्याच पट्ट्यात ते आहे, त्यामुळे आपली काळजी मला परकी नाही. त्या वेळी काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला होता; त्याच्या संसर्गानंतर काही जणांना जीबीएस होऊ शकतो. हा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात असतो आणि तिला सहसा काहीही त्रास देत नाही. 'कोंबडी ठणठणीत दिसते, म्हणजे धोका नाही' हा समज म्हणूनच फसवा आहे. विष्ठेने दूषित झालेले पाणी, अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेले हात या वाटांनी तो माणसापर्यंत पोचतो. आमचे खुराडे पाण्याच्या टाकीपासून दूर, उताराच्या बाजूला आहे. खुराड्यात जाण्याच्या चपला वेगळ्या आहेत. ताजी विष्ठा मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात न टाकता आधी चांगली कुजवली जाते. आणि पिल्लांचे मुके घेण्यावर नातवंडांना कडक बंदी आहे, जी मोडली जाते असा मला संशय आहे.

खरे सांगायचे तर माझे नुकसान जीबीएसच्या जिवाणूने नव्हे, ओलाव्याने केले. पहिल्या पावसाळ्यात पाण्याचे पसरट भांडे रोज उलटत असे, भाताच्या तुसाची गादी भिजत असे, आणि कोंबडीच्या विष्ठेतल्या युरिक आम्लापासून ओलाव्यात अमोनिया तयार होत असल्याने शेजारच्या घरापर्यंत वास जात असे. शेजारीणबाईंची तक्रार रास्त होती. त्याच ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढले आणि माझी 4 पिल्ले दोन दिवसांत गेली. तेव्हापासून पाण्याचे भांडे कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलेले असते, तूस दर दोन दिवसांनी खालीवर केले जाते आणि दमट दिवसांत त्यात चुन्याची पूड मिसळली जाते. ज्यांना एवढे जमणार नाही त्यांनी कोंबड्या पाळू नयेत, हे मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवे होते.

लसीकरणाची अडचण वेगळीच आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत थेंब टाकून देतात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा देतात, आणि सहा ते आठ आठवड्यांची पिल्ले झाली की त्याच रोगावरची आर-टू-बी लस टोचतात. ही लस आपल्या औंधच्या पशुजैव पदार्थ निर्मिती संस्थेतही तयार होते. परंतु कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते आणि एकदा द्रावणात मिसळली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. आम्ही पाच घरे मिळून एकच दिवस ठरवतो. बर्ड फ्लूच्या बाबतीत मात्र मला काही हातचे राखायचे नाही : 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाले तसे आमच्या जवळपास घडले आणि आमचे घर बाधित क्षेत्राच्या एक किलोमीटरच्या वर्तुळात आले, तर पोल्ट्रीतल्या हजारो पक्ष्यांबरोबर माझ्या सहाही नष्ट केल्या जातील. खडकवासल्याच्या पाण्यावरचे पक्षी आणि झाडावरचे कावळे खाद्यात तोंड घालू नयेत म्हणून दाणा छपराखाली, जाळीच्या आत देते.

आता नर पिल्लांविषयी. माझी गावरान कोंबडी गेल्या वर्षी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, तेव्हा पानशेतजवळच्या आतेबहिणीकडून 11 अंडी आणून तिच्याखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी 9 पिल्ले बाहेर आली आणि चार महिन्यांत कळले की त्यांतले 5 नर आहेत. आमच्याकडे पहाटे चारला एक कोंबडा आरवला तरी गल्ली जागी होते. पाच आरवू लागल्यावर जी वेळ आली ती आपण ओळखलीतच. तिघे आतेबहिणीकडे परत गेले. उरलेले दोन आम्ही कापले आणि खाल्ले. कापण्याचे काम माझ्या हातून झाले नाही, आमच्या ओळखीच्या खाटिकाने केले; मी त्या वेळी घरात नव्हते, आणि ती गैरहजेरी योगायोगाची नव्हती.

आपण लिहिता, 'त्यापेक्षा दुकानातले अंडे बरे, त्यात हत्या नाही.' येथे मात्र मी असहमत आहे. अंड्यांसाठीच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठीही परवडत नाही, म्हणून उबवणी केंद्रांत बहुतेक नर पिल्ले पहिल्याच दिवशी वेगळी काढून मारली जातात. आणि अंडी देणारी कोंबडीही साधारण दीड वर्षाची झाली, अंडी घटू लागली, की खाटिकाकडे जाते. ते अंड्याच्या ट्रेवर छापलेले नसते एवढेच. माझ्या परसात तोच प्रश्न माझ्या दाराशी येऊन उभा राहतो. माझी थोरली गिरिराज चौथ्या वर्षात आहे, महिन्याला जेमतेम चार अंडी देते आणि खाद्य पूर्ण खाते. तिला ठेवायचे हा माझा निर्णय आहे आणि वरच्या साडेदहा रुपयांत तिचाही वाटा आहे.

मूळ लेखात नर लपले त्याला काही अंशी मराठीचे व्याकरणही कारणीभूत आहे : प्रत्यय लागला की 'कोंबड्या' आणि 'कोंबडे' दोघांचेही 'कोंबड्यांना' होते, आणि मी त्या शब्दाचा आडोसा घेतला. परवा बलकाविषयीचे वाक्य लेखातून काढले आणि नावांच्या यादीखाली पाचही नरांची हकीकत घातली. त्यांना नावे दिलेली नव्हती.