सातपुड्यातल्या प्रचारकाला टॅबलेट देताना

गावाकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, सध्या एका विषयावर जोरदार वाद चालू आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगाव, नवापूर या भागातल्या प्रचारकांना आणि मंडळीच्या वडिलांना, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्यांना, धर्मशिक्षण द्यायचं कसं? ही माणसं दीक्षित पाळक, म्हणजे विधिवत नेमलेले धर्मगुरू, नाहीत, पण रविवारची उपासना त्यांच्याच जिवावर चालते. एक बाजू म्हणते, टॅबलेट घ्या, त्यात व्हिडिओ भरा आणि पाड्यापाड्यावर पोचवा. तीन-चार वर्षं घरदार सोडून पुण्याला सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या निवासी विद्यालयात, राहणं यांना जमणार नाही. दुसरी बाजू म्हणते, मोबाईल बघून कुणी पाळक होत नसतो, सेमिनरीत राहिल्याशिवाय माणूस घडत नाही. दोन्हीकडची माणसं माझ्या नात्यातली. फोन आला की विचारतात, "तू तिकडे आहेस ना, तिकडे कसं करतात?"

मी स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हर्नेसजवळ राहते. नर्स आहे, आणि इथल्या एका छोट्या मंडळीची सभासद. पाळकांचा तुटवडा इथेही आहे. एकेका पाळकाकडे दोन-तीन गावं, मध्ये खाडी किंवा समुद्र. लुईस बेटावरच्या स्टॉर्नोवेहून मुख्य भूमीवर यायला बोटीला अडीच तासांच्या वर लागतात, शेटलंडच्या लर्विकहून ॲबरडीनला यायचं तर अख्खी रात्र बोटीत जाते, आणि हिवाळ्यात वारा सुटला की बोट रद्द. अशा मुलखात 1994 मध्ये हायलँड थिऑलॉजिकल कॉलेज सुरू झालं. ते इन्व्हर्नेसपासून जवळच, डिंगवॉल या लहानशा गावात आहे. ज्या युनिव्हर्सिटी ऑफ द हायलँड्स अँड आयलंड्सच्या जाळ्यात ते वाढलं, तिथे बेटांवरच्या विद्यार्थ्यांना व्हिडिओने वर्गात बसवायची पद्धत कोविडच्या कितीतरी आधीपासून रुळलेली आहे. म्हणजे मेंढ्या राखणारा माणूस आपल्या स्वयंपाकघरात बसून जुना करार शिकतो, ही इथे नवलाची गोष्ट नाही.

पण आमच्या मंडळीत मी काय पाहिलं ते सांगते. घरून शिकणाऱ्या एका बाईंचं पहिलं प्रवचन होतं. त्या आठवड्यात गावात एक मयत झालेली, आणि त्या माणसाची विधवा समोरच्याच बाकावर बसली होती. प्रवचन नीटनेटकं होतं, ग्रीक शब्दाचा अर्थसुद्धा बरोबर सांगितला. बाईंवर देखरेख करणारे पाळक शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले होते. उपासना झाल्यावर मागच्या खोलीत चहा घेता घेता ते त्यांना म्हणाले, "आशा धरा असं तुम्ही तिला तीनदा सांगितलंत. ती कशी आहे, हे एकदाही विचारलं नाहीत." बाई गप्प झाल्या. नंतर त्यावर दोघं तासभर बोलत बसले. कप विसळायला मी तिथेच होते, म्हणून हे कानावर पडलं. तो तासभर कुठल्याही व्हिडिओत भरता येत नाही. आणि बोटीचा प्रवास, वसतिगृह, नोकरीवर पाणी, हे सगळं व्हिडिओमुळे टळलं नसतं, तर त्या बाई शिकल्याच नसत्या आणि तो तासही आला नसता. वादातल्या दोन्ही बाजू यातला अर्धाच भाग धरून बसल्या आहेत.

घरी राहून शिकायचं आणि शिक्षकाने जवळ यायचं, ही युक्ती काही इंटरनेटबरोबर आलेली नाही. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन मंडळीने आपली सेमिनरी राजधानीतून उचलून ग्रामीण भागात, सान फेलिपेला नेली. तरीही शेतमजूर, दुकानदार, पोराबाळांचे बाप तिथे येऊन राहू शकत नव्हते. शेवटी 1963 मध्ये राल्फ विंटर, जेम्स एमरी या मिशनऱ्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी शिक्षकांनाच गावोगाव पाठवायला सुरुवात केली. घरी वाचायला क्रमवार धडे, ठरलेल्या दिवशी शिक्षकाबरोबर चर्चेची बैठक, आणि मधल्या दिवसांत आपल्याच मंडळीत प्रत्यक्ष सेवा. या तीन पायांवर ती पद्धत जगभर गेली. भारतात 1971 मध्ये बंगळूरला याच कामासाठी टॅफ्टी ही संस्था सुरू झाली. आपल्याकडे सेमिनरीचा प्रवास मात्र उलटा झाला: युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये यवतमाळहून पुण्यात आली. त्याला त्यांची कारणं होती, आणि तिथून चांगली माणसं तयार झाली हे मी मानते. पण धडगावच्या माणसाला पुण्याचा रस्ता काही सोपा झाला नाही.

राहून शिकण्याच्या बाजूचे लोक नारायण शेषाद्रींचा दाखला देतात. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले शेषाद्री 1843 मध्ये ख्रिस्ती झाले आणि पुढे जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. सहवासातून माणसं घडली, असं हे लोक म्हणतात. दाखला मला मान्य आहे. फक्त एवढं लक्षात घ्या, की शेषाद्रींनी मराठवाड्यातली माणसं मुंबईला नेली नाहीत, ते स्वतः जालन्याला गेले.

माझे मामा नवापूर भागात प्रचारक होते. सुट्टीत त्यांच्याबरोबर पाड्यावर जायचे, तेव्हा संध्याकाळी लोकांचे प्रश्न ऐकायला मिळायचे. अजून तेच विचारले जातात. होळीला जायचं की नाही? काठी या गावची होळी म्हणजे सातपुड्यात वर्षाचा सगळ्यात मोठा सण. ढोल वाजायला लागले की अख्खी पंचक्रोशी तिकडे लोटते. ख्रिस्ती झालेल्या पावरा आदिवासीने तिथे नाचावं का? नाचला नाही तर भावकी तुटते, नाचला तर मंडळीत कुजबुज होते. आजारी पोराला आधी दवाखान्यात न्यायचं की आधी प्रार्थना? भावाने घरी इंदल, म्हणजे नवसाची पूजा, मांडला तर त्या जेवणाला बसायचं का? पुण्यात रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानात याची उत्तरं नसतात, आणि असली तरी कुणाच्या उपयोगाची नसतात. मामा कधीच झटकन उत्तर देत नसत. आधी घरात कोण कोण आहे ते विचारत, मग दोन म्हाताऱ्यांना बोलू देत, मग शास्त्रातला उतारा काढत. प्रचारकाला शिकवायचं ते हे, आणि ते शिकवायला शेजारी बसलेलं माणूस लागतं.

टॅबलेट मग कशाला? पुष्कळ कशाला. नेटवर्क नसलेल्या पाड्यावर मेमरी कार्डातला धडा दहादा ऐकता येतो. मराठी ही तिथल्या अनेकांची दुसरी भाषा आहे. मावचीत किंवा पावरीत सांगितलेला धडा छापील पुस्तकापेक्षा लवकर पोचतो. ज्याला सफाईने वाचता येत नाही त्याची परीक्षा तोंडी घेता येते, उत्तर रेकॉर्ड करून पाठवता येतं. इथे स्कॉटलंडचा नमुना मात्र उपयोगी पडणार नाही. इथला विद्यार्थी शिकलेला असतो, घरात इंटरनेट असतं, निबंध लिहिण्याची सवय असते. ते सगळं जसंच्या तसं उचलून सातपुड्यात नेलं, तर जो आधीच शिकलेला आहे तोच पुढे जाईल. नगरकडच्या मंडळ्यांनी कीर्तनातून शास्त्र शिकवलं, गाण्यातून शिकवलं. ती वाट ऑडिओला जास्त मानवते.

पदवीबद्दलची जुन्या माणसांची भीती खोटी नाही. पैसे भरून ‘डॉक्टर’ होणारे रेव्हरंड आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि ऑनलाइनमुळे तो बाजार वाढला. पण त्यावर उपाय वसतिगृह नव्हे. परीक्षा कोण घेतं आणि मंडळीत त्याचं काम कोण बघतं, हे पक्कं असलं की झालं. डिंगवॉलच्या शिक्षणाला चर्च ऑफ स्कॉटलंडने आपल्या पाळकपदाच्या उमेदवारांसाठी मान्यता दिली, म्हणून त्याला वजन आलं. आपल्याकडे उलट होतं. प्रचारक दोन-दोन वर्षं शिकतो, हातात प्रमाणपत्र पडतं, आणि सभेत त्याला मागच्या खुर्चीवर बसवतात. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीसाठी, गाव महिनोन् महिने दीक्षित पाळकाची वाट बघत बसतं, आणि गावातल्या शिकलेल्या माणसाला मात्र तो अधिकार नाही. यावर बोलायला कुणी तयार नाही, म्हणून सगळे टॅबलेटवर भांडताहेत असं मला वाटतं.

आता पैशाबद्दल, कारण तो बराचसा आमच्यासारख्या बाहेरच्या लोकांकडून जातो. परदेशातल्या मराठी मंडळ्या साधनाला पटकन देणगी देतात. पन्नास टॅबलेटचा फोटो छान येतो. पण जो शिक्षक दर पंधरवड्याला एसटीने धडगावला जाणार, तिथून जीपने आणि पुढे पायी पाड्यावर जाणार, पावसाळ्यात तिथेच अडकणार, त्याच्या तिकिटाला, मुक्कामाला, पगाराला कुणी पैसे देत नाही. नर्मदेकाठच्या काही गावांना तर बोटीशिवाय जाता येत नाही; स्कॉटलंडच्या बेटांची मला आठवण होते ती तिथे. माझी इथल्या मराठी बंधुभगिनींना कळकळीची विनंती आहे: यंदा टॅबलेटसाठी पैसे मागितले तर देण्याआधी विचारा, या दहा पाड्यांचा शिक्षक कोण, तो महिन्यातून किती वेळा जाणार, आणि त्याचा पाच वर्षांचा पगार कुठून येणार. उत्तर मिळालं तर साधनं आणि पगार, दोन्हींना हात सैल सोडा.

आणि बायांचं काय, हे दोन्ही बाजूंच्या बोलण्यात मला ऐकू आलं नाही. पाड्यावर आजाऱ्याच्या उशाशी बसते ती बाई, पोरांना गाणी शिकवते ती बाई, नवरा दारू पिऊन मारतो हे सांगायला बायका येतात त्याही तिच्याकडेच. तिला पोरं आणि गुरं टाकून तीन वर्षं सेमिनरीला कुणी पाठवणार नव्हतं, आणि पाठवलंही नाही. घरी बसून ऐकता येणारा धडा हीच तिच्यासाठी पहिली खरी संधी आहे. ती सुद्धा हुकते, कारण घरातला फोन पुरुषाच्या खिशात असतो. म्हणून टॅबलेट घेतलेच, तर निम्मे बायांच्या नावावर द्या, आणि पहिल्या तुकडीची नावं पाळकांनी न ठरवता पाड्यावरच्या मंडळीला ठरवू द्या.